पाठमोरा हिरो

१

पहिली चूक बाहीची निघाली.

सोमवारी सकाळी उज्माचा मेसेज आला. उज्मा आमच्या सिनेमाची एडिटर. ठाण्याला बसून आम्ही पाठवलेले शॉट जोडते. तिनं दोन फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, शॉट एक्केचाळीसमध्ये हिरोच्या बाहीला तीन घड्या आहेत, बाकी सगळीकडे दोन, तर करिष्मा, तू सेटवर झोपा काढतेस का?

झोपा. बावीस दिवस मी धड जेवलेसुद्धा नव्हते. पण चूक बाहीची असली की ती माझीच. कंटिन्युइटी बघणं हे माझं काम. एका शॉटमध्ये चहाचा कप अर्धा असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच असला पाहिजे, हे बघायचं. वडिलांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, यासाठी तीन वर्षं कॉलेज केलंस?

वैतागून मी वही उघडली. प्रत्येक शॉटची वेळ, कपडे, केस, सगळं मी तिच्यात टिपते. शॉट ४१, टेक ३, शुक्रवार, दुपारी १.१०. सजेशन : यूनुसचाचा.

सजेशन म्हणजे कडेचा खांदा. हिरोईनचा चेहरा घेताना फ्रेमच्या कडेला समोरच्या माणसाचा थोडा खांदा, थोडी मान ठेवतात, म्हणजे ती खरंच कुणाशी तरी बोलतेय असं दिसतं. आमचा हिरो अदनान रीलवर गाजलेला; त्यानं आम्हाला चारच दिवस दिले. तेवढ्यात त्याचा चेहरा जिथं जिथं लागणार होता ते सगळं उरकून घेतलं. पुढच्या शॉटमध्ये फक्त त्याची पाठ हवी होती, आणि ती सापडली गोडाऊनच्या वॉचमनकडे. यूनुसचाचांचे पूर्वी भिवंडीत कापडाचे चार लूम होते, आता ते दापोड्याच्या या रिकाम्या गोडाऊनवर ड्युटी करतात. वय चोपन्न. समोरून बघाल तर पांढरीशुभ्र दाढी, आणि मागून तेवीस वर्षांचा पोरगा. हिरोचा चौकड्यांचा शर्ट घालून ते पाठमोरे उभे राहिले तेव्हा अदनानची मेकअपवालीसुद्धा फसली होती.

वहीत बाहीचा उल्लेख नव्हता. मी वेळेकडे पुन्हा पाहिलं. शुक्रवार, एक वाजून दहा मिनिटं.

शुक्रवारी साडेबाराला चाचा गेटची किल्ली माझ्या हातात देऊन जुम्म्याच्या नमाजला गेले होते. परत आले ते दोन वाजून गेल्यावर. किल्ली परत मागताना त्यांनी मला दोन खजूर दिले होते. म्हणजे त्यांचं नाव मी नुसतं सवयीनं लिहिलं होतं. खांदा कुणाचा होता, ते मी बघितलंच नव्हतं.

२

त्या शॉटची आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यामुळे माझं ऐकायला कुणी तयार नव्हतं. त्याच शॉटपासून मेघालीला अभिनय यायला लागला.

मेघाली माझी मावसबहीण, वीस वर्षांची, वळ गावातच आमच्यापासून चार घरं सोडून राहणारी. मुंबईची हिरोईन दापोड्याचं गोडाऊन आणि तिथलं बाथरूम बघून दुसऱ्या दिवशी आलीच नाही, तेव्हा दिग्दर्शक प्रितेशदादानं डोक्याला हात लावला, आणि मीच शहाणी, माझ्या मोबाईलमधला मेघालीचा फोटो त्याला दाखवला. मेघालीच्या आईला, म्हणजे आक्काला (मेघालीसुद्धा तिला आक्काच म्हणते), मी शब्द दिला होता की पोरीला घेऊन जाईन तशी परत आणीन.

सिनेमा दोन बिघडलेल्या पोरांचा. ती घरातून पळालेली, तो व्यसनमुक्ती केंद्रातून. दोघं एका बंद गोडाऊनमध्ये लपतात आणि प्रेमात पडतात. कागदावर वाचताना मला रडू आलं होतं. मेघालीच्या तोंडून ऐकताना वेगळ्या कारणानं आलं. ‘माझं जगात कुणी नाही’ हे वाक्य ती बाजारात भाजी संपली असं सांगावं तसं म्हणायची. हात कुठं ठेवायचे कळायचं नाही. अठ्ठावीस टेक झाले एका वाक्याचे. अदनान तर तिच्यासमोर उभा राहून जांभया द्यायचा. प्रितेशदादा माझ्याकडे असा बघायचा जणू मीच तिला घडवलं आहे.

आणि शॉट एक्केचाळीस, टेक तीन. तेच वाक्य. मॉनिटर काळ्या कापडाच्या तंबूत होता, तिथं आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो होतो. मेघालीनं समोरच्या खांद्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, थांबली, थोडं हसली आणि मग वाक्य बोलली. इतकं हळू की माईकवाल्यानं श्वास रोखला. मी तिला जन्मापासून ओळखते. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

प्रितेशदादानं ‘कट’ म्हणायला चार सेकंद घेतले. त्या गडबडीत बाही कोण बघणार?

३

मी सगळ्यांना विचारत फिरले. विचारून काही मिळालं असेल तर ती डोकेदुखी.

कॅमेरावाल्याला वाटलं होतं, चाचा आहेत. लाइटवाल्याला वाटलं होतं, कॅमेरावाल्यानं कुणाला तरी उभं केलंय. कपडे सांभाळणाऱ्या रंगूबाईला वाटलं होतं, शर्ट प्रितेशदादानं नेला असेल. शॉट संपल्यावर तिला तो पेटीत घडी घालून ठेवलेलाच सापडला होता. प्रत्येकाला दुसऱ्यानं कुणाला तरी उभं केल्यासारखं वाटलं होतं. सेटवर असंच असतं. कुणीतरी कुणालातरी उभं करतं, आणि कॅमेरा सुरू झाला की चाळीस माणसं एका मुलीच्या चेहऱ्याकडे बघत असतात.

प्रितेशदादा म्हणाला, “करिष्मा, खांदा कोण बघतंय? पोरीकडे बघ ना.”

मी म्हटलं, माझं कामच खांदा बघायचं आहे. त्यावर तो म्हणाला, मग बाहीची घडी बघ, माणसं मोजू नकोस.

शेवटी मेघालीला गाठलं. ती मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसली होती, केसांना चिमटे लावत. मी दारातून विचारलं की शुक्रवारी तुझ्यासमोर कोण उभं होतं. ती आरशातूनच म्हणाली, “तोच. रोज असतो तो.”

“यूनुसचाचा?”

“न्हाय गो ताई. चाचांना अत्तराचा वास येतो.” तिनं चिमटा दातात धरला, केस वळवले. “ह्याला कसलाच वास न्हाय येत.”

मागं गोडाऊनमध्ये कुणीतरी लोखंडी शिडी आपटली आणि मी दाराला धडकले. मेघाली हसली. माझ्या दचकण्यावर हसणं हा आमच्या घरातला जुना खेळ आहे, त्यामुळे त्या हसण्यानं मला उलट बरंच वाटलं. मी स्वतःला समजावलं की हमाली करणारा एखादा माणूस हौसेनं उभा राहिला असेल, शर्ट घालून, आणि ओरडा बसेल म्हणून गप्प असेल. वळ-दापोड्याच्या पट्ट्यात हजारो हमाल आहेत. सडपातळ खांदा काय, कुणाचाही असतो.

निघताना तिला विचारलं, तो काही बोलतो का.

ती म्हणाली, नाही, तो ऐकतो.

४

मंगळवारी मी ठरवून चाचांच्या शेजारी उभी राहिले. बाहीच्या दोन घड्या स्वतः घातल्या, सेफ्टी पिन लावली, फोटो काढला. जमिनीवर पायाच्या खुणेची लाल टेप चिकटवली आणि चाचांना म्हटलं, यावरून हलायचं नाही. चाचा म्हणाले, “बेटा, लूमवर बारा-बारा तास उभा राहिलोय, एक टेप काय सांगतेस.”

मेघालीचा अभिनय गेला. सरळ गेलाच. पुन्हा तीच भाजी संपल्याची बातमी, तेच कुठं ठेवू कुठं ठेवू करणारे हात. अकरा टेक झाले. प्रितेशदादा ओरडला, मेघाली रडली, तेही वाईट रडली. दरम्यान चाचा हळूच माझ्याकडे आले. त्यांना अपमान वाटला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ती मुलगी माझ्याकडे बघतच नाही,” ते म्हणाले. “माझ्या मागे बघते. जसं मी मधे आलोय.”

प्रितेशदादानं सांगितलं की सजेशन नकोच, चाचा, तुम्ही चहा घ्या, नुसता चेहरा घेऊ. चाचांनी शर्ट काढून रंगूबाईला दिला आणि ते गेटकडे गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग मी तंबूत जाऊन मॉनिटरसमोर बसले.

टेक बारा. मेघाली बोलायला लागली आणि तंबूतली सगळी माणसं मॉनिटरकडे सरकली. वाईट इतकंच, की ती खरंच छान करत होती. बोलता बोलता थांबत होती, जसं समोरून काही आलंय आणि त्याला उत्तर द्यायचंय. हात आपोआप जागेवर होते. आणि फ्रेमच्या डाव्या कडेला, इतकी बारीक की आधी मला ती मॉनिटरचीच कड वाटली, चौकड्यांची एक वळणदार रेघ होती. ती श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

मी बाजूच्या असिस्टंटचा हात दाबला. तो म्हणाला, हां, दादानं शेवटी सजेशन ठेवलं वाटतं, छान दिसतंय.

मी उठले, कापड बाजूला केलं, धावले. तंबूपासून सेटपर्यंत रिकाम्या खोक्यांच्या दोन रांगा आणि लाइट अडवायचे काळे पडदे. त्यांना वळसा घालून पोचेपर्यंत ‘कट’ झालं होतं. मेघाली एकटीच डोळे पुसत उभी होती. लाल टेप रिकामी होती. रंगूबाई दूर पेटीवर बसून पान लावत होती, आणि शर्ट तिच्या मांडीवर होता.

माझ्या धावण्यानं एक वायर निघाली म्हणून लाइटवाल्यानं मला झापलं. मी त्याची माफी मागितली. दुसरं काय करणार होते?

५

त्या संध्याकाळी आक्का आमच्या ओट्यावर येऊन बसली. आक्का बोलायला लागली की थांबत नाही, पण त्या दिवशी शब्द शोधत होती. पोरगी जेवते, झोपते, अंघोळ करते, तक्रार काही नाही, असं म्हणाली.

“घरात बोलते तं पाठ केल्यावानी बोलते,” ती म्हणाली. “जेवाय ये म्हटलं तं ‘हो आई, येते’ म्हणते. मला कधी आई म्हटलंय तिनं? आणि मी पुढं काय बोलेन त्याची वाट बघते. माझी पाळी, मग तिची पाळी.”

मी आत जाऊन पाणी प्यायले. मला स्वतःचाच राग येत होता. बावीस दिवस मी कपातला चहा मोजला, आणि माणूस मोजला नाही. मेघाली जी सेटवर लाकडासारखी असायची, ती आता घरात तशी झाली होती. आणि घरातली मेघाली, चिडणारी, खिदळणारी, मधेच तोडून बोलणारी, ती रोज थोडी थोडी त्या खांद्यासमोर उभं राहून कुणाला तरी देऊन येत होती. आम्ही सगळे मॉनिटरसमोर बसून वा म्हणत होतो.

हे विधान मी तेव्हा मोठ्यानं केलं असतं तर मला कुणी वेडी म्हटलं असतं, आणि मी त्यांच्याशी सहमत झाले असते. म्हणून आक्काला एवढंच म्हटलं की उद्यापासून मी तिला पाठवत नाही.

रात्री प्रितेशदादाला फोन केला. कारण म्हणून मेघालीची तब्येत सांगितली. तो आधी समजावत होता, मग हात जोडतो म्हणाला. एकच सीन उरलाय, शेवटचा. गुरुवारी दुपारी उरकू. चार वर्षं या सिनेमाच्या मागे आहे, करिष्मा. मी म्हटलं, नाही. मग तो जरा वेगळ्या आवाजात म्हणाला की मेघालीशी त्याचं बोलणं झालंय, ती येतेय.

मी आक्काला सांगून मेघालीची चप्पल लपवायला लावली. हसू नका. दुसरं काही सुचलं नाही. गुरुवारी ती अनवाणी रिक्षात बसून गेली.

६

शेवटचा सीन असा होता : तो पुढे चालतो, पाठमोरा. ती त्याच्या मागून जाते. रिकाम्या रॅकच्या मधल्या वाटेनं दोघं गोडाऊनच्या मागच्या शटरपर्यंत पोचतात. शटर अर्धं वर, बाहेर चारचं ऊन. तो वळून तिच्याकडे बघतो, दोघं वाकून बाहेर जातात. अदनान नव्हता, म्हणून वळणं लांबून, उन्हाविरुद्ध घ्यायचं होतं. चेहरा काळाच येईल आणि चाचा चालून जातील, असा हिशोब.

मी सरळ चोरी केली. रंगूबाई हात धुवायला गेली तेव्हा पेटीतून शर्ट काढला आणि माझ्या सॅकमध्ये कोंबला. तसला दुसरा शर्ट अदनान घेऊन गेला होता. शर्ट नाही तर पाठ नाही, पाठ नाही तर शॉट नाही. मग गेटवर जाऊन चाचांना सांगितलं की तुम्हाला बोलावलं तरी येऊ नका, मला काही विचारू नका. चाचांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. नुसती मान हलवली.

मेघालीला भेटायला गेले तर ती आधीच सेटवर उभी होती. तिच्या पायांना धूळ लागली होती. मी दंड धरून म्हटलं, चल घरी, आत्ताच्या आत्ता. ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “हो ताई. येते.” आणि हलली नाही.

मला वाटलं आता रंगूबाई शर्टाच्या नावानं बोंब मारेल, शोधाशोध होईल, ऊन उतरेल. मी तंबूत जाऊन बसले, सॅक मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. बोंब झाली नाही. बाहेरून असिस्टंटचा आवाज आला, नेहमीसारखा कंटाळलेला : दोघंही जागेवर आहेत, दादा.

मी तोंड उघडायच्या आत प्रितेशदादानं ‘ॲक्शन’ म्हटलं.

मॉनिटरवर तो चालत होता. शर्ट माझ्या मांडीवर होता, सॅकच्या कापडातून त्याची बटणं माझ्या बोटांना लागत होती, आणि समोर तो चालत होता, बाहीला तीन घड्या. मेघाली त्याच्या मागून. ती काय सुंदर चालत होती. खांद्यांवरचं सगळं ओझं उतरल्यासारखी. प्रितेशदादा पुटपुटला, हेच, हेच.

शटरपाशी तो थांबला आणि तिच्याकडे वळला.

मी सांगते ते मी पाहिलं तसं सांगते. आधी खांदा वळला. मग मान. कान यायला हवा होता तिथं केस आले. गाल यायला हवा तिथं पुन्हा मानेचा खळगा. तो पूर्ण वळला, आमच्याकडे होती ती पाठ आता शटरकडे गेली, आणि तरी आमच्याकडे पुन्हा पाठच होती. उन्हाविरुद्ध काळी पडलेली, पण पाठ. आम्हाला त्याच्याकडून तेवढंच लागत होतं.

आणि मेघाली त्याच्याकडे वर बघत होती. जिथं चेहरा असतो तिथं. तिला तो दिसत होता.

दोघं वाकले आणि उन्हात गेले.

७

‘कट’ झाल्यावर टाळ्या वाजल्या. प्रितेशदादा रडत होता. मी त्याला ढकलून पळाले. शटरच्या बाहेर माल चढवायचा ओटा, त्याच्या खाली चार फुटांवर सिमेंट, पुढे कंपाउंडची उंच भिंत. ऊन. एक कुत्रं सावलीत झोपलेलं. ओट्यावर धूळ होती आणि तिच्यात अनवाणी पावलं उमटली होती, शटरपासून दोन. दोनच.

मी ओरडले असेन, कारण सगळे आले. प्रितेशदादा म्हणाला, शेवटचा शॉट, भावनेत आली असेल, गेली असेल रिक्षानं. मी त्याला भिंत दाखवली. तो म्हणाला, मग पुढच्या गेटनं. गेटवर यूनुसचाचा होते. ते दुपारपासून खुर्चीवरून उठले नव्हते, आणि त्यांच्या समोरून कुणी गेलं नव्हतं. चाचांनी मला बाजूला घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, फोन लाव, बेटा, आधी फोन लाव.

मेकअपच्या खोलीत मेघालीचा फोन नव्हता, म्हणजे तो तिच्याजवळ होता. मी लावला. रिंग जात होती. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. आक्काला लावला, ती म्हणाली घरी न्हाय आली, काय झालं, करिष्मा, काय झालं? मी फोन ठेवला आणि मेघालीला लावत राहिले. पाचदा. आठदा. रॅकमधून फिरत होते, कान टवकारून, की कुठंतरी तिची रिंगटोन वाजेल. बाहेर ट्रक मागे घेत होते, रंगूबाई पेटीतला शर्ट कुणी नेला म्हणून आत्ता कुठं कटकट करत होती, लाइटवाले वायरी गुंडाळत होते. लाइट एकेक करून बंद झाले. पॅकअप झालं, असं कुणीतरी जाहीर केलं.

अकराव्यांदा रिंग तीन वेळा वाजली आणि थांबली. कुणीतरी उचलला होता. ट्रक नाहीत, पंखा नाही, श्वास नाही, आजूबाजूला चाळीस माणसं गप्प बसलेली असावीत तशी शांतता. मी म्हटलं, मेघाली? मेघाली, कुठं आहेस गो?

मग एका तरुण मुलाचा आवाज आला, दबका, समजूतदार, एकदम जवळून.

“थोड्या वेळानं करता का? ती शॉटमध्ये आहे.”